हापशाचा दांडा

"हवाच हापसून राहिली का गं?" अमरसिंगने लेकीला विचारले आणि लिंबाखाली बसलेली माणसे हसली.

शितलने सत्तर वेळा दांडा मारला होता. हापशातून नुसती घरघर येत होती. सकाळपासून तिने आणि वर्गातल्या चार मुलींनी नऊ पाईप वर ओढले, सिलिंडर उघडून चामड्याचे नवे वायसर बसवले आणि नऊ पाईप परत खाली सोडले. तांड्यातला हा एकमेव हापसा दिवाळीपासून बंद होता. आता २००२चा मार्च लागला होता आणि बायका दीड कोसावरून पाणी आणत होत्या.

बापलेकीत झालेली बोली साधी होती. हापसा चालला तर शितल जूनमध्ये हिंगोलीच्या आयटीआयला जाणार. नाही चालला तर पाडव्याला तिची सोयरीक.

"आवरा आता. पाहुण्यांना निरोप धाडतो मी," अमरसिंग म्हणाला.

द्वारकाबाई बाजूला उभ्या होत्या. चार महिने जवळच्या गोरेगावहून जीपने येऊन त्यांनी शाळेच्या ओट्यावर या मुलींना आधी वाचायला आणि मग पाना धरायला शिकवले होते. त्यांनी पान्याला हात लावला नाही. एवढेच विचारले, "हाताला काय लागून राहिलं?"

शितलने डोळे मिटून दांडा दाबला. "हलका जाते बाई. पाण्याचं वजनच न्हाई."

"मग?"

"वायसर धरत न्हाईत. काढा गं पाईप."

"पुन्हा नऊ?" एक मुलगी कळवळली.

"न्हाई तर मह्या लग्नात वाढायला ये."

दुपारी सिलिंडर उघडला. वायसर पापडासारखे कडक होते. चामडे भिजून मऊ झाले, कड फुगली, तरच ते पाणी वर उचलते. शितलने ते काल संध्याकाळी बादलीत भिजत घातले होते. सकाळी आजीने ओल्या फडक्यात बांधून दिले, तसेच बसवले. बोटांत वाकवून बघायचे ती घाईत विसरली होती.

"आजी, वायसर बादलीतून काढले होते का?"

नानीबाईने पदर तोंडाशी नेला. "प्यायच्या पाण्यात चामडं! पाणी बाटंल म्हनून चुलीपाशी वाळवले. तू रागावशील म्हनून सकाळी फडकं वलं केलं."

"आजी, आजवर आपण प्यालो ते सारं पाणी असल्याच चामड्यातून वर आलं."

नानीबाई उठून घरात गेली. परतली तेव्हा वाटीत कोमट करडईचे तेल होते. "बैलाच्या पट्ट्यांचं चामडं आमी असंच नरम करत होतो. आन इकडं." तिने वायसर मांडीवर घेतले आणि तासभर चोळत राहिली.

वायसर बसवून नऊ पाईप पुन्हा खाली सोडले आणि उन्हे उतरताना शितलने दांडा धरला. दहा, पंधरा. विसाव्याला तिचा हात मध्येच थबकला. दांडा जड झाला होता.

आधी गंजाचे तांबूस पाणी आले, मग नितळ. अमरसिंग उठला, लेकीला बाजूला सारून त्याने स्वतः दोनदा दांडा दाबला आणि हाताकडे बघत राहिला.

"पाहुण्यांना काय कळवायचं?" लिंबाखालून कोणीतरी विचारले.

"पोरगी जूनमध्ये हिंगोलीला हाये म्हनाव," तो म्हणाला आणि हापसत राहिला.

नानीबाई घागरी बाजूला सारत पुढे आली. धारेखाली तिने ओंजळ धरली. हाताला अजून तेल होते. ती क्षणभर थांबली आणि प्यायली.