राहिलेले रोजे

"आंटी रोज़ा रखती ही नहीं," हातातला खजूर तसाच धरून लाइबा म्हणाली. "मैंने देखा. दोपहर को किचन में पानी पी रही थी."

मगरिबची, रोजा सोडायची बांग अजून व्हायची होती. सौदीतल्या यान्बूच्या त्या फ्लॅटमध्ये सिराजुद्दीनभाई आणि सफूराभाभी इफ्तारला आलेले, भज्यांची वाफ निघतेय, आणि कार्टीनं तोंड उघडलं! सिराजुद्दीनभाईंनी नजर ताटात घातली. महिन्याच्या त्या दिवसांत बाईला रोजा नसतो. ती मांजरीसारखी डोळे मिटून घोटभर पाणी पिते आणि घर बघितलं न बघितलं करतं. तबस्सुमच्या नवऱ्याला, अदनानला, हे काय ठाऊक नव्हतं? पण ह्या गृहस्थानं दाढी खाजवली आणि सरबताचा जग उगाच इकडचा तिकडे सरकवला.

सफूराभाभी तबस्सुमच्या कानाशी लागल्या. "दिवस राहिलेत काय गो?"

तबस्सुमनं मान हलवली. नाही. लग्न झाल्यापासून दर महिन्याला हेच ‘नाही’, आज ते चारचौघांत सांडलं. पोरीच्या मुस्काटात दोन ठेवून द्याव्यात असं तिला वाटलं.

लाइबाची आई, अदनानची पहिली बायको, कोरोनात गेली. अदनाननं दापोलीहून तबस्सुमला करून आणलं, तेव्हापासून घरात उभा दावा. पोरगी तिच्या हातचं खायची, तिनं धुतलेलं घालायची आणि तिला आंटी म्हणायची. तबस्सुमही काही फार सोशिक नव्हती, एकाला दोन सुनवायची. पण राग उतरल्यावर तिच्या डोक्यात आलं, ह्या पोरीला कुणी काही सांगितलेलंच नाही. बारावं लागलंय, अंग भरत चाललंय. तबस्सुमलाही कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी, आता आपण मरणार म्हणून ती दिवसभर गोठ्यात लपून बसली होती. ती वेळ वैऱ्यावरही येऊ नये. वैरीण घरातच होती, म्हणून काय झालं?

दुसऱ्या दिवशी तिनं पॅडचं पाकीट लाइबाच्या पलंगावर ठेवलं.

"बस इथं. काल मी पाणी का प्यायले ते सांगते. आणि उद्या तुझं पण..."

"छी! गंदी बातें मत करो." पाकीट दाराबाहेर आलं. "मम्मी होती तो आप यहाँ होती ही नहीं."

"असती तर मी सुखानं दापोलीत असते!" तबस्सुमही कडाडली. "बघ गो, मलाच हाक मारशील."

अदनान हॉलमधून ओरडला, "लहान आहे ती! कशाला मागे लागतेस?"

"मग तुम्ही सांगा."

टीव्हीचा आवाज वाढला. तबस्सुमनं पाकीट उचललं आणि बाथरूमच्या कपाटात, पोरीच्या हाताला लागेल असं ठेवलं.

रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी, अदनान झोपलेला असताना, बाथरूमची कडी आतून लागली ती निघेना. तबस्सुमनं दार वाजवलं.

"जाओ!" आणि मग बऱ्याच वेळानं, बारीक आवाजात, "आंटी... मेरा रोज़ा टूट गया क्या?"

सांगत होते ना, हे तबस्सुमच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"कपाट उघड. पाकिटातलं एक काढ, मागचा कागद सोल, चिकट बाजू चड्डीला लाव. घाबरू नको. मरत नाही कुणी."

बाहेर आली तेव्हा पोरीचे डोळे सुजलेले. तबस्सुमनं तिला स्वयंपाकघरात नेलं आणि पहाटेच्या सहरीचं उरलेलं घावन आणि पाण्याचा ग्लास पुढ्यात ठेवला.

"अब्बा देखेंगे."

"मी आहे ना." ती दाराकडे तोंड करून, पदर पसरून उभी राहिली. तिचा स्वतःचा रोजा होता, घसा सुकलेला. मागे पोरगी घटाघटा पाणी प्यायली.

"उस दिन... आपको भी यही था?"

"हो."

मागून घावन फाडल्याचा आवाज आला.

"राहिलेले रोजे ईदनंतर भरायचे असतात," तबस्सुम म्हणाली. "माझेही आहेत."

"आपके साथ नहीं रखूँगी."

"नको ठेवू."

ईद होऊन गेली. पुढे एका सुट्टीच्या दुपारी अदनान जेवायला बसला, तर ताट एकच. तबस्सुम वाढत होती. तिच्यापासून हातभर लांब, भिंतीकडे तोंड करून लाइबा बसलेली.

"हे काय? तुम्ही दोघी नाही जेवत? आता कसला रोजा?"

तबस्सुम काही बोलायच्या आत लाइबानं मान वळवली.

"आमचा आहे. तुम्ही जेवा, अब्बा."

आणि तिनं तोंड पुन्हा भिंतीकडे केलं.