मागावरची खूण

कोंडीबाच्या तोंडात नळी होती आणि श्वास व्हेंटिलेटर देत होता. त्याची बायको सोजरबाई उशाशी बसून त्या मशीनचा ठेका ऐकत राहायची. सोलापुरात दोघांची हयात यंत्रमागावर गेलेली. ठेका चुकला की धागा तुटला, हे तिच्या अंगात मुरलेलं.

आज दुपारी ठेका चुकला. सोजरबाई नर्स अंकितावर उखडली.

"मशीन बिघडलंय की. मिस्त्रीला बोलवा."

"मशीन ठीक आहे, मावशी. सकाळीच त्याचा जोर कमी केलाय. काका मधेमधे आपले आपण श्वास घेतायत, म्हणून ठेका मोडतोय."

सोजरबाईला काही पटेना. तेवढ्यात कोंडीबानं डोळे उघडले आणि पंजा आडवा धरून खाली दाबला. मागाच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळे हातानंच बोलतात.

"काय म्हणतायत?" अंकितानं विचारलं.

"बंद कर म्हनत्यात. जलमभर माग सोडवंना, आन् आता घाई."

अंकिता हसली. "असंच टिकलं तर उद्या डॉक्टर नळी काढतील."

सोजरबाईनं कोंडीबासमोर बोट गोल फिरवलं. चालू ठेवा. ती खूण मशीनसाठी नव्हती.