घोड्यावरून पडणारा देव

मी देव नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

मी कांस्याचं एक नाणं आहे. सोळाशे वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडे, रोमन राज्यातल्या एका टाकसाळीत माझा जन्म झाला. अंगठ्याच्या नखाएवढा माझा देह. ठशावर चकती ठेवली, वरून हातोडा बसला आणि पुढच्या बाजूला राजा, मागच्या बाजूला लढाई उमटली. जन्मतःच डोक्यात हातोडा बसलेल्याकडून फार शहाणपणाची अपेक्षा कुणी करू नये.

माझ्या मागच्या बाजूला एक शिपाई उभा राहून भाला खुपसतोय. समोर एका स्वाराचा घोडा गुडघ्यांवर कोसळलाय आणि स्वार पडता पडता घोड्याच्या मानेला मिठी मारून बसलाय. शिपाई राजाचा, स्वार शत्रूचा. राजाचा पराक्रम गावोगाव कळावा म्हणून आम्हाला हजारोंनी पाडलं होतं. राजे लोकांना ही खोड पहिल्यापासूनच आहे.

मिरी न्यायला आलेल्या कुणा व्यापाऱ्याच्या कनवटीला बसून मी या देशात आलो. पुढे आम्हा दोनशे भावंडांना कुणीतरी मडक्यात घालून पुरलं आणि विसरून गेलं. विसरणारा भेटला तर त्याला मला दोन शब्द सुनवायचे आहेत.

१९५८ साली मादन हिप्परगा गावच्या रामरावांनी तुरीच्या रानात बांध घालताना ते मडकं उकरून काढलं. निजाम जाऊन, हैदराबाद जाऊन, म्हैसूर राज्य येऊन दोनच वर्षं झाली होती. राजे बदलायची गावाला इतकी सवय झालेली, की माझ्या तोंडावरचा राजा कोण हे एकानेही विचारलं नाही. रामराव मडकं उचलून तालुक्याला, आळंदला, पिराजी कासाराकडे घेऊन गेले आणि एक तांब्या आणि एक परात घेऊन परत आले. माझी बहुतेक भावंडं त्या तांब्या-परातींत गेली. अजूनही सकाळी परसात तांब्या खणकला की त्यातलं कोणतं भावंड बोलतंय, ते मी ओळखू पाहतो.

मी वाचलो तो पार्वतीबाईंमुळे. रामरावांची ही नवी नवरी मडक्यात डोकावली आणि नेमकं मला उचलून म्हणाली, "घोडा हाय, भाला हाय. म्हंजे ह्यो मैलारचा मल्लण्णाच की."

मल्लण्णा म्हणजे आपला खंडोबा. देव घोड्यावर, दैत्य पायाखाली, हे तिला लहानपणापासून ठाऊक. माझ्या चित्रात मार घोड्यावरचाच खातोय, एवढी बारीक नजर लावायला कुणाला फुरसत होती? झालं, मी देवघरात टाक होऊन बसलो. राजाचं तोंड पाटाला टेकलं आणि पडणाऱ्या स्वाराच्या कपाळी भंडारा लागला.

देवपण चांगलं असतं, पण त्याला चिंच लागते. रविवार मल्लण्णाचा, म्हणून दर शनिवारी दुपारी परसातल्या दगडावर सगळे देव चिंच आणि राख लावून घासून निघत. जमिनीखाली सोळाशे वर्षं जपून आणलेली माझी हिरवी कातडी पहिल्याच शनिवारी गेली. पुढे घोड्याची शेपटी गेली. भक्ती जसजशी वाढली तसतसा मी कमी होत गेलो. तक्रार कुणाकडे करणार? गाऱ्हाणं ऐकायचं काम त्या घरात माझ्याकडेच होतं.

१९७१ च्या जनगणनेला गुरुशांतप्पा मास्तर आले. आळंदच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे, गळ्यात दोरीला लोंबणारं भिंग. ओट्यावर बसून घराची भिंत मातीची की दगडाची, हे लिहून घेत होते. तेवढ्यात त्यांना परसात मी दिसलो, चिंचेच्या फेसात. मास्तरांचं लिहिण्यातलं लक्षच उडालं. रामरावांच्या घरी माणसं सात आणि खोल्या तीन होत्या. त्या वर्षी सरकारदरबारी माणसं तीन आणि खोल्या सात लागल्या.

कारण असं होतं. आमच्या पडत्या स्वाराचे चार प्रकार निघतात. एकात स्वार घोड्यावरून घसरतोय, दुसऱ्यात वळून शिपायाकडे हात पसरतोय, तिसऱ्यात जमिनीवर बसकण मारतोय आणि चौथ्यात मानेला मिठी मारतोय. पिराजी कासाराच्या भट्टीतून निसटलेली माझी तीन भावंडं मास्तरांनी मिळवली होती. लाकडी पेटीत मखमलीवर चार खळगे पाडून तीन भरले होते आणि चौथा नऊ वर्षं रिकामा होता. त्यांच्या बायकोचं, चन्नम्माचं, म्हणणं होतं की घरात साखरेचा डबा रिकामा झालेला ह्या माणसाला कधी दिसला नाही, तो खळगा मात्र झोपेतही दिसतो.

मास्तरांनी मग मला चिंचेपासून वाचवायचा चंग बांधला. आधी त्यांनी रिठे आणून दिले. पार्वतीबाईंनी त्या रिठ्यांनी केस धुतले. मग मास्तर म्हणाले की देवाला घासू नये, देवाला लागतं. तुमी अंघोळ करत न्हाई का, असं तिने विचारलं. शेवटी त्यांनी आळंदच्या सोनाराकडून चांदीचा टाक घडवून आणला. छान ताठ बसलेला मल्लण्णा, झोकदार मिशा, घोडाही धडधाकट. हा घ्या आणि जुना मला द्या, असं त्यांनी सुचवलं. पार्वतीबाईंनी चांदीचा टाक डोळ्यांना लावला, माझ्या शेजारी ठेवला आणि मास्तरांना चहा दिला. देवाला सोबत झाली म्हणाली. मास्तर चांदी देऊन चहा पिऊन परतले.

जुना देव कधी द्यायचा, याचा रिवाज मात्र तिने त्यांना सांगितला. टाक झिजून सपाट झाला की नवा करतात आणि जुना पाण्यात सोडतात. तो दिवस आला की पाण्यात न सोडता तुमालाच देते, असा शब्दही दिला. मास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं. स्वार दिसतोय तोवर मी मिळणार नाही आणि मिळेन तेव्हा स्वार दिसणार नाही. बारा वर्षं त्यांनी काढली. शनिवार आला की त्यांना आळंदमध्ये कसंसं व्हायचं, असं चन्नम्मा सांगायची.

१९८३ च्या एका शनिवारी मास्तरांचा धीर सुटला. रामराव वारून दोन वर्षं झाली होती आणि पार्वतीबाईंचे केस पिकले होते. ती चिंच भिजवत होती. मास्तर पेटी घेऊन आले, समोर उकिडवे बसले आणि भिंग तिच्या हातात देऊन म्हणाले, "अक्का, खोटं बोलून बोलून दमलो. नीट बघा. ह्यो मल्लण्णा न्हाई. घोड्यावरचा मार खायलाय. पडायलाय तो."

पंचवीस वर्षांचं देवपण जाणार आणि मी परातीच्या वाटेला लागणार, असंच वाटलं. आतून सूनबाई गीताबाई दारात येऊन उभी राहिली.

पार्वतीबाईंनी भिंग घेतलंच नाही. चिंचेचं बोट माझ्यावरून फिरवत ती म्हणाली, "ठावं हाय मला. ह्या बोटांनी घासते न्हवं? लग्नाच्या सालीच कळलं, पडायलाय म्हनून."

"मग पुजता कामून?"

"उभ्या असल्याला धरायला समदी हायत मास्तर. पडायलाय त्याला कुनी धरायचं?"

सोळाशे वर्षांत माझ्या राजाकडे पाहणारे पुष्कळ भेटले आणि शिपायाच्या भाल्याचं कौतुक करणारेही भेटले. त्या पडणाऱ्याची काळजी मात्र या एकाच बाईने केली. मला तेव्हा रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

मग तिने पेटी उघडायला लावली आणि तिघांवरून एकेक बोट फिरवलं. हे तिघंही पडायलेतच की, म्हणाली. चौघं एका मडक्यातले, मग एकटा एकीकडे आणि तिघं डब्यात कोंडलेले, असं कामून ठेवायलात, असा जाबही विचारला. तिघांना हितं ठेवा, चिंच बंद करते, हा तिचा सौदा होता. नुसत्या ओल्या फडक्याने पुसेन, गीताबाईलाही सांगून ठेवते.

मास्तर न्यायला आले होते एक आणि द्यायची वेळ आली तिघांची. तिघं घेऊन उठले असते तर पेटी शाबूत राहिली असती आणि आणखी चार शनिवारांत मी सपाट झालो असतो. त्यांनी एकेक करून तिघांना उचललं, भिंगातून शेवटचं पाहिलं आणि माझ्या शेजारी पाटावर ठेवलं. रिकामी पेटी चन्नम्माने शिवणाच्या सुयांना घेतली.

तेव्हापासून मास्तर दर रविवारी येतात आणि पाटावर वाकून, नाक टेकेपर्यंत डोकं खाली नेऊन, तासभर बसतात. कधी देवाला हात न जोडणारा मास्तर म्हातारपणी भक्तीला लागला, असं हिप्परग्यात सगळे म्हणतात.

परवाच्या चंपाषष्ठीला तळी भरली. ताम्हणात विड्याची पानं, खोबरं, भंडारा आणि आम्ही देव. पाच जणांनी मिळून ते ताम्हण येळकोट म्हणत तीनदा वर उचलायचं. चार जण जमले, पाचवे म्हणून मास्तरांना पुढे ढकललं. दोनदा उचलून झालं. तिसऱ्यांदा कुणाचा तरी हात हलला, ताम्हण कललं आणि आम्ही कडेला घसरलो. मास्तर येळकोट विसरले. त्यांनी ताम्हण दोन्ही हातांनी ओढून छातीशी घट्ट धरलं आणि डोळे मिटून गुडघ्यांवर बसले. सदऱ्यावर भंडारा, मिशांत खोबरं.

पार्वतीबाई हळूहळू चालत आली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सोडा आता मास्तर," ती म्हणाली. "धरलंय मी."