उघड्या डोक्याची

मरणाच्या आदल्या दिवशी रोगाता उंबऱ्यात बसून लोकर पिंजत होती. जीभ हातांपेक्षा वेगाने चालत होती.

“कास्तुले, उद्या उपासनेला केस नीट बांध. गेल्या खेपेला चिमणीचं घरटं दिसत होतं.”

“मग ओढणी घेते डोक्यावरून. कुणाला दिसायचं नाही.”

“ओढणी लग्नाच्या बायकांना. तू देवाची. उघडं डोकं हाच तुझा मान.”

कार्थेजच्या त्या ख्रिस्ती मंडळीत व्रतस्थ कुमारिका उघड्या डोक्याने पुढच्या रांगेत बसत. कास्तुला अकरा वर्षांची असताना तापाने फणफणली, तेव्हा आईने, रोगाताने, नवस बोलला होता: पोर वाचली तर देवाला वाहीन. पोर वाचली. आता ती चौतिशीची होती, आणि तिचे पिकू लागलेले केस मागच्या रांगांना दिसत होते.

एकदा रंगारी केल्सस मागणी घालायला आला. आईने त्याला हसत वाटेला लावलं. “जावई आहे मला. तुझ्याहून मोठ्या घरचा.” कास्तुला आत मागावर बसली होती. तिने धोटा थांबवला नाही. पुढे कितीदा बोलायचं ठरवलं, पण आईचा तृप्त चेहरा पाहिला की ती पुन्हा धोटा हातात घेई.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मागता मागता रोगाता गेली.

शेजारणी जमल्या आणि जुन्या रीतीप्रमाणे मयताला नावाने हाका मारू लागल्या. जीव कुठे रेंगाळला असेल तर परतावा म्हणून. मंडळीचा सेवक ओप्तातस दारात येऊन म्हणाला, “ही मूर्तिपूजकांची रीत, बायांनो.”

“तुझ्या आईला हाका मारल्या तेव्हा कुठे होती तुझी जीभ?” शेजारची म्हातारी मत्तिया म्हणाली.

तो कास्तुलाकडे वळला. “ताई, उद्यापासून तुम्ही मंडळीच्या विधवांच्या घरात राहायचं. आईंनी मागेच सांगून ठेवलंय. पुढच्या रांगेतली जागा तुमचीच, मरेपर्यंत.”

कास्तुलाने मान डोलावली. तेवढीच तिला सवय होती.

“पोरी, आता तू मार हाक,” मत्तिया म्हणाली. “रक्ताची हाक लांब जाते.”

“रोगाता,” कास्तुला म्हणाली. आईचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. “रोगाता.” तिसऱ्या हाकेला तिचा आवाज सगळ्या घराला ऐकू गेला.

“आई, मला कुणी विचारलं नव्हतं. नवस तुझा होता, फेडत मी राहिले. मला केल्ससच्या घरी जायचं होतं.”