हॅलिंग्टन कंपनीस काही सूचना

१९५८च्या पावसाळ्यात वामनरावांची विलायती हॅलिंग्टन मोटार बोरी अरबच्या काळ्या मातीत चौथ्यांदा रुतली. बैलांनी ओढून काढल्यावर वामनरावांनी ड्रायव्हर भीमसिंगला दसऱ्यापर्यंत मुदत दिली. "तवरिक सुधरली तं ठीक. नाहीतं इले इकतो अन् जीप घेतो. जीप माहा भाचाच चालवते."

म्हणजे गाडीबरोबर भीमसिंगही जाणार होता.

मी यवतमाळच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत असे, म्हणून तो माझ्याकडे आला. त्याच्या आजानं तांड्याबरोबर बैलांवर गोण्या लादून मीठ वाहिलं होतं. गाडीचा दोष त्याला पहिल्याच दिवशी दिसला होता.

"लिवा सर, कंपनीले. समदं वजन मानेवर टाकलं तं बैल तोंड खाली घालनच. इंजिन मांगं सरकवा. पोट वीतभर उचला. अन् आत ते लाकडाचं टेबल कायले? तिथं पान्याचा डबा बसवा. पाच कोस झाले का इले तहान लागते. अन् शेवटी लिवा, बनवनाऱ्यानं जिंदगीत ओझं वाह्यलं नाही."

कंपनीच्या गाड्या तिकडेही खपत नव्हत्या, असं मी पेपरात वाचलं होतं. सल्ल्याची तिला गरज होती. पण इंग्रजीत असं कोणी लिहीत नाही. मी रंगाची स्तुती केली, टेबलाच्या लाकडाची केली. भीमसिंगच्या तक्रारी शेवटी घातल्या, त्याही कुठे टोचणार नाहीत इतक्या मऊ करून. पत्र फार सुंदर झालं. मी ते वर्गात वाचून दाखवलं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी उत्तर आलं.

"वाचा सर."

कंपनी आभारी होती. आमच्या समाधानानं तिला हुरूप आला होता. नवं मॉडेल आणखी लांब असणार होतं. टेबलं दोन.

"पोटाचं काय म्हनते?"

"आणखी खाली आणलंय."

त्यानं कागद हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "मी सांगतलं ते लिवलं होतं ना तुमी?"

"लिहिलं होतं. जरा चांगल्या शब्दांत."

"चांगल्या शब्दानं गोनी उतरत नाही, सर."

दसऱ्याला वामनरावांच्या दारात जीप उभी राहिली. राजूरच्या खाणीत ट्रकवर माणूस हवा होता. मी भीमसिंगला म्हटलं, मॅनेजरला शिफारसपत्र लिहून देतो. पेनही उघडलं.

त्यानं घाईघाईनं हात जोडले. "नको सर. मीच जाऊन बोलतो."