शिव न

"काकू, झाडाचं नाव काय लिहू?"

सोसायटीचा सेक्रेटरी दिग्विजय दारातच उभा होता. एका हातात अर्ज, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर आणखी कुणाला तरी 'वन मिनिट' म्हणत. द्वारकाबाईंनी मशीन थांबवलं नाही. लग्नसराईतली ब्लाउजं अंगावर येऊन पडली होती, आणि बोलण्यासाठी हात थांबवायची चैन त्यांना उभ्या जन्मात कधी परवडली नव्हती.

"मला काय ठाऊक? जंगली लिही."

"असं चालत नाही ना. झाड तोडायच्या अर्जात नावाचा कॉलम आहे. काकांनीच लावलंय ना ते?"

"लावलं त्यांनी. नाव मला सांगितलं नाही."

फाटकाजवळचं ते झाड आता दुसऱ्या मजल्याच्या वर गेलं होतं. पान पिंपळाच्या वळणाचं, पण पिंपळाची ती लांब शेपटी नाही. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर त्याला ठामपणे पारोसा पिंपळ म्हणत, तिसऱ्या मजल्यावर ते सागाचं भावंड होतं, आणि ज्यांच्या मोटारीवर पाला पडे त्यांच्याकडे त्याला जे नाव होतं ते अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं. कर्वेनगरातल्या सोसायटीत मत नसलेला माणूस सापडणं कठीण.

दिग्विजय उंबऱ्यावर टेकला. हिंजवडीहून रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. "काकू, माझा पण नाइलाज आहे. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या. परवा भाग्यश्रीला चेकअपला न्यायचं तर गाडी मंदिरापलीकडे लावलेली. आठवा महिना आहे, तेवढं चालणं तिला झेपत नाही. ते झाड गेलं की एक गाडी आरामात बसते. बाकी सगळे ओके आहेत. फक्त तुमचा होकार राहिलाय."

"माझा कशाला?"

"काकांचं झाड म्हणून."

द्वारकाबाईंनी दोरा दातानं तोडला. "तोडा. त्याचा पाला झाडून झाडून माझी कंबर गेली. काकांना काय, लावून मोकळे झाले."

"थँक्यू काकू. संध्याकाळी मिटिंगच्या आधी येतो," म्हणून तो उठला. जाताना बरंच ओझं उतरल्यासारखा गेला.

बोलून गेल्या खऱ्या, पण पुढची बाही त्यांनी उलटी जोडली. ती उसवत बसल्या आणि मनातल्या मनात महिपतरावांवर चिडल्या. माणूस जाऊन पाच वर्षं झाली तरी चिडायला हक्काचं दुसरं कुणी नव्हतं.

महिपतराव भंडाऱ्याकडचे. जंगलाला लागून गाव. कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आले आणि कसब्यातल्या एका शिवणदुकानाच्या मालकाची लेक त्यांच्या गळ्यात पडली. ती ही द्वारका. नव्या नवरीला नवऱ्याच्या बोलण्याचं भारी हसू यायचं. तो पाणी मागायचा ते 'पानी', विचारायचा ते 'कोन आलं'. "अहो, ण म्हणा. बाणाचा ण," असं ती चारचौघांत म्हणायची आणि तो "बानाचा," म्हणून गप्प व्हायचा. मुळातच कमी बोलणारा माणूस त्यानं आणखी कमी बोलू लागला, हे तिच्या ध्यानात यायला फार वर्षं लागली. आणखी एक सवय त्यांची कधी गेली नाही. आपण 'ये ना, बस ना' म्हणतो, तिथं ते म्हणत, 'ये न, बस न, जेव न.'

मग कंपनीत नवी यंत्रं आली आणि जुनी माणसं स्वखुशीनं घरी बसवण्यात आली. स्वखुशी कंपनीची. दिवसाउजेडी घर कसं दिसतं हे ज्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्या महिपतरावांना त्यात बसायला जागा सापडेना. द्वारकाबाई मशीनवर दुप्पट वेळ बसू लागल्या. त्याच साली सासूबाई वारल्या. गावाकडून परतताना महिपतरावांनी खिशात कसल्याशा फळाच्या बिया आणल्या. डालड्याच्या डब्यात एक रुजली. रोप झालं तसं त्यांनी ते फाटकाशी नेऊन लावलं.

ते दृश्य द्वारकाबाईंना अजून लख्ख आठवे. माप द्यायला एक बाई आलेली, समोर ब्लाउजांचा ढीग, आणि खिडकीतून त्यांनी विचारलं होतं, "अहो, कसलं झाड लावताय?"

महिपतराव मातीत वाकलेले. मान वर न करता म्हणाले, "शिव न."

माप द्यायला आलेली बाई खाली बघू लागली. द्वारकाबाईंचे कान तापले. शिव न. तू तुझं शिव, नसत्या चौकशा करू नको. घर चालवणाऱ्या बायकोला, परक्या बाईदेखत. त्यांनी मशीन सुरू केलं ते पुन्हा त्या झाडाबद्दल चकार शब्द काढला नाही. महिपतराव रोज संध्याकाळी तांब्या घेऊन झाडापाशी जाऊन बसत. ह्या आतून बघत आणि मनात म्हणत, बसा.

आणि शेवटच्या दुखण्यात, खाटेवर पडल्या पडल्या, खिडकीकडं बघत ते एकदा पुन्हा तेच म्हणाले. अगदी बारीक आवाजात. "शिवन." द्वारकाबाई त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. त्या निमूट उठल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या. शेवटच्या घटकेलासुद्धा ह्या माणसाला माझं शिवणंच दिसतं, हा सल तेव्हापासून त्यांनी कुणाला न सांगता जपला होता.

दुपारी शर्मिलाताई ब्लाउज न्यायला आल्या. त्या जवळच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. बदली होऊन आल्या होत्या नुकत्याच, आणि ह्या दारी पहिल्यांदाच. मागच्या खेपेला कापड त्यांनी मुलीबरोबर पाठवलं होतं. ओट्यावर पाय ठेवता ठेवता त्या वाकल्या आणि काहीतरी उचलून तळव्यावर धरलं.

"अय्या, ही शिवण तुमच्याकडे कशी?"

द्वारकाबाईंच्या कपाळावर आठी पडली. "कुठली शिवण? उसवली की काय? अजून तुम्ही घातलंसुद्धा नाही."

शर्मिलाताईंना हसू आलं. "ती शिवण नाही हो. झाड. शिवण नावाचं झाड असतं. हे त्याचं फूल, बघा." मखमली, पिवळं, कडेनं तपकिरी असं ते फूल द्वारकाबाई दर फाल्गुनात केरसुणीनं लोटत आल्या होत्या. "फाटकाशी आहे तेच ना? आपल्याकडे शहरात कोण लावतं हे. विदर्भातल्या जंगलात पुष्कळ. लाकूड हलकं, वाकत नाही की तडकत नाही. तिकडे शिवन म्हणतात."

"काय म्हणतात?"

"शिवन. तिकडे 'ण'चा 'न' होतो ना."

द्वारकाबाईंनी ब्लाउज घडी करून पिशवीत घातलं. हात सवयीनं काम करत होते. शर्मिलाताई बाह्यांबद्दल काही विचारत होत्या, त्यावर त्या हो म्हणाल्या. कशाला हो म्हणाल्या ते त्यांना कळलं नाही. बाई गेल्यावर मात्र त्या ओट्यावर, झाडाकडे तोंड करून बसल्या.

द्वारकाबाईंनी झाडाचं नाव विचारलं होतं आणि महिपतरावांनी झाडाचं नाव सांगितलं होतं. बस, एवढंच. बायको शिवण करते म्हणून हेच झाड निवडलं, की आई गेली त्या अंगणातलं म्हणून, की दोन्ही, हे आता सांगायला ते नव्हते. आणि ते खाटेवर पडले होते तेव्हा फाल्गुनच चालू होता. खिडकीबाहेर असाच सडा पडला असणार. बघ, असं म्हणत होता माणूस. आणि ती उठून गेली होती. द्वारकाबाई पदर तोंडाला लावून रडल्या, पुष्कळ दिवसांनी, आणि रडूनही फारसं हलकं वाटलं नाही.

संध्याकाळी दिग्विजय आला. "काकू, चला. पाच मिनिटांचं काम आहे."

"झाड तोडायचं नाही."

तो बघतच राहिला. "अहो, सकाळी तुम्हीच म्हणालात."

"सकाळी म्हणाले. आता नाही म्हणते."

"काकू, भाग्यश्रीचं सांगितलं ना तुम्हाला? मी हौसेनं मागत नाहीये जागा." त्याचा आवाज चढला नाही, नुसता दमला. ते द्वारकाबाईंना चढल्यापेक्षा जास्त लागलं.

त्यांनी मशीनसमोरच्या खिडकीकडे बोट केलं. बाहेर ओट्यालगत त्यांची मोकळी जागा होती. बिल्डरनं तळमजल्याला म्हणून दिलेली, गिऱ्हाइकांच्या स्कूटी लावायला सोयीची. "इथं लाव तुझी गाडी."

"खिडकीसमोर? अहो, सगळा उजेड जाईल तुमचा. शिवणार कशा?"

"दिवा लावीन. नाहीतर कमी शिवीन. झालं की आता पुष्कळ शिवून."

दिग्विजयनं अर्जाची घडी घातली, पुन्हा उघडली. "मिटिंगमध्ये काय सांगू मग? नोंदवावं लागेल. कुठलं झाड ठेवायचं ठरलं?"

"शिवन."

तो अर्जाच्या पाठीवर लिहू लागला. "शिवण... ण बाणाचा ना?"

"नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "न नळाचा लिही."