उजवा बॉक्स

मला राग लवकर येतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. त्या दिवशी मुर्रीच्या त्या हॉलमध्ये मी चार माणसांवर रागावले. त्यातल्या एकाची मी माफी मागितली. बाकीच्यांची मागणार नाही.

माझे बाबा, केवळराम, अर्जुनी मोरगावला बसस्टँडच्या मागे स्पीकर बनवतात. लोक म्हणतात दुरुस्त करतात. दुरुस्ती पोटासाठी. खरं काम म्हणजे सागाच्या फळ्या कापायच्या, आत कापूस भरायचा आणि घरात बसून निवांत ऐकायचे बॉक्स तयार करायचे. मी गोंदियाच्या आयटीआयमध्ये दोन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि बाबांच्या शेजारी माझं टेबल टाकलं.

बाबांची एक सवय अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. स्पीकरमधून दोन तारा बाहेर येतात, एक प्लसची, एक मायनसची. सगळं जग लाल तार प्लसला जोडतं. बाबा निळी जोडतात. तरुणपणी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी त्यांनी पहिल्यांदा भोंगे लावले, तेव्हापासून आमच्याकडे निळी पुढे आणि लाल मागे. आयटीआयच्या सरांनी माझ्याकडून लाल म्हणजे प्लस असं दोन वर्षं घोकून घेतलं होतं. आमच्या दुकानात शिरताना मी ते बाहेर ठेवून यायचं, असं ठरलेलं होतं.

२००५ सालच्या उन्हाळ्यात चैनलालभाऊ आमच्याकडे आले. गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीला त्यांची धानाची मोठी शेती, आणि नुकतंच बांधलेलं घर. नवेगावबांधला साडूकडे त्यांनी बाबांचे बॉक्स ऐकले होते. तसलीच जोडी नव्या हॉलसाठी पाहिजे म्हणाले. बाबांच्याच वयाचे, पण ते बाबांना तू म्हणणार आणि बाबा त्यांना तुम्ही. जाता जाता त्यांची नजर माझ्या टेबलाकडे गेली. मी एक जुना रेडिओ उघडून सोल्डर करत होते.

"केवळराम, काम तुया हातचं पाह्यजे. पोरीच्या हाती नको देजो. उद्या सासरी जाईल, मंग मी तक्रार कोणाले सांगू?"

मी चार हातांवर बसले होते, पण त्यांनी मला दुकानातल्या स्टुलाएवढीही किंमत दिली नाही. बाबा म्हणाले, "हो भाऊ."

तो हो माझ्या डोक्यात दोन दिवस ठणकत राहिला. पण बाबांनी तो पाळला नाही, म्हणून मीही सोडून दिला. डावा बॉक्स त्यांनी केला, उजवा मी. एकाच झाडाचं लाकूड, एकाच पेटीतले खिळे. तेव्हा दिवसातले आठ-दहा तास भारनियमन असायचं. त्यामुळे बॅटरीवर चालणाऱ्या एका छोट्या ॲम्प्लिफायरवर आम्ही एकेक बॉक्स वाजवून पाहिला. त्याला एकच बॉक्स लागायचा. जोडी एकत्र वाजवून पाहायची राहून गेली. एकेकटे दोन्ही बॉक्स इतके सारखे वाजले की बाबा म्हणाले, "कोणता कोणाचा, मलेच समजून नाही राहिलं." माझ्या बापाच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं.

जोडी तयार झाल्याचा फोन केला तर चैनलालभाऊंचा सूर बदललेला. त्यांच्या मुलाने, खुमेंद्रने, नागपूरहून कंपनीची जोडी आणली होती. "दोन्ही लावून ऐकू. जो चांगला वाजंल तो राहील," म्हणाले. म्हणजे काम सांगायचं, दोन महिने राबवायचं, आणि वर परीक्षा घ्यायची. मी म्हटलं, जायचं नाही. बाबा म्हणाले, जायचं. "बॉक्स परत आला त गावात लोक म्हणतील, केवळरामचा कान गेला." त्यांच्या धंद्यात कान गेला म्हणजे माणूसच गेला. एवढंच होतं पणाला, आणि ते काही थोडं नव्हतं.

दोन्ही बॉक्स चादरीत गुंडाळून आम्ही पॅसेंजरने गोंदियाला आलो आणि ऑटोने मुर्रीला.

हॉलमध्ये चैनलालभाऊ सोफ्यावर बसले होते, बाजूला त्यांचे दोन मित्र. कंपनीचे उंच काळे बॉक्स भिंतीजवळ आधीच उभे होते. त्यांच्या शेजारी आमचे मांडले. तारा जोडायला नंदलाल नावाचा त्यांच्याकडचा म्हातारा वायरमन होता. बाबांनी त्याला सांगितलं, "निळी प्लसले." त्याने मान हलवली. मला खुमेंद्र म्हणाला, "दीदी, आप अंदर बैठिए, मम्मी आहे." मी आत गेले नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, तिथे त्याची आई चमेलीबाई चहा गाळत होत्या.

खुमेंद्रने नियम सांगितला. एकच सीडी, एकच गाणं, आवाज तेवढाच. गाणं सुरू झाल्यावर कोणी हात लावायचा नाही.

आधी कंपनीची जोडी लावली. एक बाई भजन गात होती, साथीला तबला. खोटं कशाला बोलू, चांगले वाजले. बाई दोन बॉक्सच्या बरोबर मधे उभी राहून गातेय असं वाटत होतं.

मग आमची जोडी लागली. तबला रिकाम्या टिनावर वाजवल्यासारखा. खालचा आवाज कुठे गेला पत्ता नाही. आणि ती बाई मधे नव्हतीच. हॉलभर पसरली होती, जिकडे मान वळवावी तिकडून थोडी थोडी ऐकू येत होती. दोनपैकी एका बॉक्सची तार उलटी लागली की असंच होतं. एक बॉक्स हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि दोघे मिळून गाणं खातात.

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "भाऊ, जरा तार..."

"अब नहीं, काका," खुमेंद्र म्हणाला. "टेस्ट चालू आहे. वाजला नाही तर तार याद आली?"

मित्र हसले. बाबा खाली बसले. माझा बाप, ज्याला तीन खोल्यांपलीकडून कोणता कंडेन्सर गेला ते कळतं, तो त्या पोराच्या एका वाक्याने खाली बसला. मला वाटलं त्यांना हाताला धरून उभं करावं.

चमेलीबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेल्या. सोफ्यासमोर थबकल्या. "हे बाई कोठून गाऊन राहिली? मघा त मधात होती."

त्या हॉलमध्ये नेमका दोष सांगणारं हे एकच वाक्य होतं. चैनलालभाऊ म्हणाले, "चाय ठेव अन् जा."

गाणं संपलं. खुमेंद्र म्हणाला, "पापा, ये तो पूरा खोखला है." चैनलालभाऊंनी हातातला रुमाल घडी केला आणि बाबांकडे न पाहता म्हणाले, "केवळराम, उमर झाली आता. कान नाही राहत."

मी दारातून सरळ मधे आले. "कान नाही गेला. तार उलटी आहे. नंदलालकाका, एका बॉक्सची तार तुमी उलटी लावली."

"म्या?" म्हातारा म्हणाला.

"तुमीच. लाल पाहिली अन् प्लसले खुपसली."

चैनलालभाऊंचा एक मित्र कपातून वर न पाहता म्हणाला, "निळी प्लसले लावते कोणी? या लोकायचं सगळं निळंच."

पुन्हा हसणं. मी म्हटलं, "हो, निळंच. तुमच्या साडूच्या घरी दहा वर्षांपासून निळ्यावरच वाजून राहिलं, तवा कोणाचं काही दुखलं नाही." साडू त्याचा नव्हता, चैनलालभाऊंचा होता. रागात मला माणसं वेगळी दिसेनाशी होतात.

नंदलाल पुढे आला. त्याने ॲम्प्लिफायर पुढे ओढून मागची बाजू माझ्याकडे वळवली. डाव्याची निळी प्लसवर. उजव्याची निळीही प्लसवर. "बाई, तुया बाबानं सांगतलं तसंच लावलं," तो म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता.

तरीही मला कळलं नाही. राग असला की कळायला वेळ लागतो. मी टॉर्चमधला एक सेल मागितला, दोन्ही बॉक्सच्या पुढच्या जाळ्या काढल्या. सेलच्या प्लसला निळी आणि मायनसला लाल टेकवली की स्पीकरच्या तोंडावरचा कागद टक्कन पुढे यायला हवा. डाव्याला टेकवली, कागद पुढे आला. उजव्याला टेकवली.

कागद आत गेला.

म्हणजे बाहेरचं सगळं बरोबर होतं. चूक बॉक्सच्या आत होती. आणि उजव्या बॉक्सच्या आत माझ्याशिवाय कोणाचा हात गेला नव्हता. आयटीआय दुकानाबाहेर ठेवून यायची एवढी सवय केली होती, पण उजवा बॉक्स जोडताना सरांची ती घोकंपट्टी माझ्या बोटांतून आत शिरली होती. लाल तार मी गुमान प्लसला सोल्डर केली होती. सुबक, चकचकीत, दोन वर्षांच्या शिक्षणाला शोभेल अशी.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांना सेलची गरज नव्हती. ते पहिल्यापासून जाणून होते.

"कोणाची चूक होय हे?" चैनलालभाऊंनी विचारलं.

"माया हातची, भाऊ," बाबा म्हणाले. "म्हातारा झालो."

आणि मला एक क्षणभर बरं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण वाटलं. मग बाबांची मान दिसली, खाली गेलेली, आणि त्या माणसांचे चेहरे, आता सगळं जुळलं म्हणून समाधानी झालेले.

"त्यायची नाही," मी म्हटलं. "उजवा मी केला."

चैनलालभाऊ बाबांकडे वळले. "म्हणून सांगतलं होतं न, पोरीच्या हाती नको देजो?"

मी ॲम्प्लिफायरकडे वळले. उजव्याच्या दोन तारा काढल्या, अदलाबदल केल्या, घट्ट पिळल्या आणि खुमेंद्रला न विचारता गाणं पुन्हा लावलं. चुकीची दुरुस्ती एवढीच होती, मिनिटभराचीही नाही.

तबल्याचा डग्गा जमिनीतून आल्यासारखा पायांना लागला. बाई मधे आली. नुसती मधे नाही, तिने श्वास घेतलेला कळत होता. कंपनीच्या जोडीत तो श्वास नव्हता. हे मी म्हणते म्हणून नाही. खुमेंद्र सीडीचं कव्हर वाचायला लागला, मित्रांचे चहा थंड झाले, आणि चैनलालभाऊंनी डोळे मिटले आणि गाणं शेवटपर्यंत ऐकलं. त्या माणसाला ऐकता येत होतं, हीच तर चीड आहे. ज्याला कळत नाही त्याला माफ करता येतं.

चमेलीबाई दारातून म्हणाल्या, "आली बाई. आता दोन्ही राहू द्या." त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी ऐकलंही नाही.

चैनलालभाऊंनी डोळे उघडले. "चांगला आहे, केवळराम. कंपनीले मागं टाकते." बाबांचा चेहरा उजळला. मग ते पुढे म्हणाले, "पण तू शब्द मोडला. असं कर. डावा इथं राहू दे. उजवा घेऊन जाय, अन् तुया हातानं नवा करून आण."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. याच क्षणी दोन्ही बॉक्स एका आवाजात वाजले होते. त्यातला कोणता माझा हे डोळे मिटून त्यांना दहा वेळा विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. दोष निघून गेला होता आणि बाकी राहिले होते फक्त माझे हात. त्यांना माझे हात घरात नको होते.

मी तोंड उघडलं, पण बाबा आधी उठले. "नंदलालभाऊ, दोन्हीच्या तारा काढा."

"अरे, डावा राहू दे म्हटलं न?"

"जोडी होय, भाऊ," बाबा म्हणाले. "एकटा नाही भेटत."

नंदलालने तारा काढल्या. मी वाकून चादर गुंडाळताना त्याला म्हटलं, "काका, चुकलं माझं. तुमच्यावर उगाच आळ घेतला." तो म्हणाला, "इथं पयला हात माह्यावरच येते, बाई. तू त माफी तरी मागितली." त्याने उजवा बॉक्स स्वतः ऑटोपर्यंत उचलून आणून दिला.

पॅसेंजरमध्ये गर्दी नव्हती. दोन्ही बॉक्स समोरच्या बाकावर शेजारी बसवले. सौंदड स्टेशन मागे पडलं. शेवटी मीच विचारलं, "तुमाले कवा समजलं?"

"पयल्याच ओळीत."

"मंग मले काऊन नाही सांगतलं? म्या त्या बिचाऱ्या नंदलालवर ओरडली. माया एका तारेनं तुमचं नाव गेलं असतं."

बाबांनी उजव्या बॉक्सवर हात ठेवला. "चूक तारेची नाही, रचना. तार काय, मिनटात बदलली. तो दुकानात म्हणे, पोरीच्या हाती नको देजो, अन् म्या हो भाऊ म्हटलं. चूक तथी झाली. मंग तेच झाकत बसलो."

हे ऐकून कुणाही मुलीचे डोळे भरले असते. माझेही भरले. पण राग गेला नाही, उलट वाढला. कारण ही गोष्ट ते गाडीत सांगत होते, मला, एकटीला. मला ती आधीच माहीत होती.

"हे त्या हॉलात बोलाले पाह्यजे होतं, बाबा," मी म्हटलं.

"हो," बाबा म्हणाले. "तथीच बोलाले पाह्यजे होतं."

अर्जुनी आलं तेव्हा डावा बॉक्स त्यांनी उचलला, उजवा मी.